जाळी नसलेला भाग

धर्माजींचा मुलगा गणराज पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशिनवर काम करताना गेला. त्यानंतर वर्षभर खपून धर्माजींनी एक जाळी तयार केली. ती पडली की कामगाराचा हात प्रेसखाली जाऊच शकत नव्हता. कारखान्यांना ती समजावी म्हणून ते निघोज्याहून निगडीला तेजलकडे आले. तेजल थ्रीडी ॲनिमेशन करायची.

"आधी जाळीबिगर मशिन दावा, मग जाळीसकट," ते म्हणाले. "पर हात सापडल्यालं दावू नका, ताई."

तेजलनं कामगार म्हणून एक कोरा बाहुला घेतला. त्याला ना नाक, ना डोळे. पहिल्या भागात त्यानं नुसतं मशिनसमोर उभं राहायचं होतं.

व्हिडिओ बघायला धर्माजी आले. पडद्यावरचा बाहुला वाकला. शिफ्टच्या आधी कामगार मशिनच्या पाया पडतात, तसा त्यानं मशिनला हात लावून कपाळाला नेला. डावा हात.

"काका, हे मी केलेलं नाही," तेजल पुटपुटली. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. बाहुला पुन्हा वाकला.

धर्माजी पडद्याजवळ सरकले. "गणराज गाडीच्या बी असाच पाया पडायचा. डाव्या हातानं. मी रोज वरडायचो."

आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उजव्या हातानं रं, बाळा."

बाहुला थबकला. त्यानं डावा हात मागे घेतला.

प्रेसचा ठोकळा खाली येऊ लागला होता. जाळी अजून दुसऱ्या भागात होती.

बाहुल्यानं मुकाट्यानं उजवा हात पुढे केला.