राहिलेला कोपरा

कुरुमच्या आपल्या फ्रेमच्या दुकानात जेरोम एका जुन्या स्पॅनिश चित्रकाराच्या जलरंगाच्या चित्राला फ्रेम करत होता. खेड्यातली लिंबांची बाग, मागे समुद्र, सगळीकडे भरदुपारचं ऊन. हॅटच्या सावलीत चेहरा हरवलेली एक बाई बागेत समोर उभी होती.

काच पुसायचं काम बायकोचं, लिंडाचं. ती तोंडाची वाफ सोडून रुमालाने गोल गोल पुसायची. डावीकडचा खालचा कोपरा दरवेळी राहायचा. “कोपरा कोण पुसणार?” जेरोम करवादायचा. ईस्टरनंतर ती गेली. तेव्हापासून तो स्वतःच चारही कोपरे पुसतो.

फ्रेम बंद केली, तर बाईच्या तोंडासमोर काचेवर वाफ. बाहेरून पुसली, जाईना. ती आतून होती.

“डॅडी, एसीमुळे असेल,” त्याची मुलगी शेरॉन म्हणाली.

त्याने फ्रेम खोलली, काच कोरडी करून पुन्हा बंद केली. या खेपेला वाफ काचभर पसरली.

मग दोघांच्या डोळ्यांदेखत ती आतून गोल गोल पुसली जाऊ लागली.

उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा राहिला. आतून पुसणारीचा तो डावा होता.