सिडनी ते लालबाग

सुहासचं विमान दुपारीच उतरलं होतं. फोन मात्र संध्याकाळी आला. आत अंथरुणाला खिळलेले भिकाजी सकाळीच दाढी करवून, इस्त्रीचा सदरा घालून लेकाची वाट बघत होते. एवढ्या उशिरा आलेला फोन त्यांच्या कानावर पडू नये म्हणून शेवंतीबाई तो घेऊन चाळीच्या गॅलरीत आल्या.

"आई, दहा हजार किलोमीटर आलोय गं. पंधरा तास बसून पाठीची पार वाट लागली. एअरपोर्टजवळच हॉटेल घेतलंय. एवढ्या ट्रॅफिकमध्ये लालबागला कोण येणार? उद्या पुण्यात कॉन्फरन्स, परवा रिटर्न. बाबांना व्हिडिओ कॉल करतो ना!"

"तो तर तू सिडनीहूनही करत होतास. दहा हजार किलोमीटर आलास, नि पुढचे पंधरा जड झाले होय रे? झोप हो राजा, एसी लावून झोप. फार उडालास."

त्यांनी फोन कट केला नि आत आल्या. भिकाजींनी उशीवरून मान उचलली. "काय गं? पोचला?"

"नाही. विमानच रद्द झालं म्हणे."

भिकाजी खुशीत हसले. "तरीच! नाहीतर मुंबईत उतरून माझा सुहास आधी माझ्याकडे आला नसता होय?"