आयकॉन
जन्मांध दैवशाला जाफराबादला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची. कंट्रोल, आल्ट, एन दाबलं की संगणक तिला पडद्यावरचं वाचून दाखवायचा. आज तिनं तीनदा बटणं दाबली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तरी आवाज येईना. शेजारच्या नीलानं येऊन पाहिलं. "कीबोर्ड बराबर आहे. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा आयकॉनच कुणीतरी उडवलाय, मंग बटणं कशी चालतील?" "मीच उडवला," वरिष्ठ कारकून मुकुंदराव म्हणाले. "दिवसभर त्याची बडबड डोकं खाऊन राह्यली. तू फक्त फोन घेत जा." दैवशालाचे कान तापले. टेबलं चाचपत ती त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचा मॉनिटर बंद करून बटणावर हात ठेवून उभी राहिली. "अगं, मला काहीच दिसत न्हाई," ते चिडले. "आधी माझं सुरू करा, मंग तुमचं." तिचा हात हलेना. मुकुंदराव उठून तिच्या संगणकाकडे वळले.