सात दिवसांची फरशी

"मोठा डबा रेझिनचा, छोटा हार्डनरचा," सासरे सांगत होते. "छोटा विसरलीस, तर फरशी जन्मात सुकायची नाही. पुढे होणाऱ्या नातवंडांचे बूटसुद्धा चिकटतील."

"ठाऊक आहे हो बाबा. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय," सून म्हणाली. "आधी हातमोजे घाला."

"मी? उभ्या आयुष्यात घातले नाहीत."

"म्हणूनच घाला."

त्यांनी कुरकुरत घातले. सुनेपुढे त्यांचं काही चालत नसे.

गॅरेज रिकामं होतं. तीन दिवस घासून, धुऊन, वाळवून त्यांनी जमीन अशी केली होती, की पानं मांडून जेवायला बसावं. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या फरश्यांना इपॉक्सीचं चकचकीत कोटिंग दिलं. कारखाने, शोरूम, इस्पितळं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्या वासांनी नाक पार कामातून गेलं होतं, डोळ्यांत मोतीबिंदू होता. बोटं तेवढी शाबूत होती. स्वतःच्या गॅरेजला मात्र आजवर साधा रंगही लावला नव्हता. आता लावत होते, तेही घर विकायचं म्हणून.

विकणारा मुलगा होता. घर त्यांनी हौसेने कधीच त्याच्या नावावर करून दिलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण त्याला सगळ्याची घाई. दूरच्या शहरात त्याने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, बायकोला तिकडे नेणार होता. "बाबांसाठी छान जागा बघितलीय," तो फोनवर म्हणाला होता. "त्यांच्या वयाची चाळीस माणसं आहेत. गप्पा मारतील."

चाळीस म्हाताऱ्यांशी गप्पा! उस्तादांना इथून हलायचंच नव्हतं.

गिऱ्हाइकाची अट एकच. एक तारखेला गॅरेज चकाचक हवं, नवी गाडी उभी करायला. नाहीतर दुसरं घर त्याने बघूनच ठेवलं होतं. एक तारखेला आठ दिवस उरले होते, आणि कोटिंग पक्कं व्हायला सात लागतात.

उस्तादांच्या मनात चार दिवस एक पाप घोळत होतं. हार्डनर अर्धंच घालायचं. कोणाला कळणार? फरशी ओलीच राहील, गिऱ्हाईक जाईल, घर राहील. विचाराने त्यांना झोप लागत नव्हती, आणि दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या येत होत्या.

हातमोजे चढवण्याआधी, दुपारी ताटात नुसती उकडलेली भाजी आली होती.

"फोडणी कुठे गेली?"

"तेल संपलं."

"परवाच तर मोठा डबा आणलास ना?"

"स्वप्नात आणला असेल," ती हसली. "घ्या, मीठ घ्या वरून."

हल्ली त्यांना खरं कुठलं आणि स्वप्न कुठलं, याचा भरवसा नव्हता. ते गुमान जेवले.

आता काम सुरू झालं. मोठा डबा बादलीत रिकामा झाला. सुनेने छोटा उचलला, आणि तिचा हात थांबला.

"किती ओतू, बाबा?"

हीच ती वेळ. उस्तादांनी बादलीकडे पाहिलं, मग हातमोज्यांतल्या आपल्या हातांकडे.

"सगळं ओत," ते म्हणाले. "खोटं काम नाही जमायचं मला."

सुनेने डोळे पुसले. वास डोळ्यांत जातो, म्हणाली.

भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत त्यांनी रोलर फिरवला. करडी जमीन हळूहळू तळ्यासारखी झाली. त्यात खिडकी उतरली, खिडकीतलं झाड उतरलं, वरून एक पाखरू गेलं ते खालूनही गेलं. इतकं सुंदर काम त्यांनी तीस वर्षांत केलं नव्हतं. उंबऱ्यावर खुर्ची टाकून ते बघत बसले.

तिसऱ्या दिवशी खिडकी तशीच तरंगत होती. पाचव्या दिवशी एक सुकं पान आत उडालं आणि चिकटून बसलं. "हवेत ओल असेल," ते पुटपुटले. सातव्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून घरात नेली.

एक तारखेला गिऱ्हाईक आलं, ऐटीत आत शिरलं. दुसऱ्या पावलाला पाय वर आला, बूट खालीच राहिला. एका पायावर लंगडी घालत ते बाहेर पडलं. खरवडून पुन्हा करायला तीन आठवडे लागतील म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि ते निघून गेलं. जाताना बूटही नेला नाही.

मुलाचा फोन आला. दलाल म्हणतोय, आता वर्षभर गिऱ्हाईक मिळायचं नाही. मग आवाज चढला. "बाबांचा हात गेलाय आता. कळत कसं नाही त्यांना?"

"हळू बोला, ते इथेच आहेत," सून म्हणाली.

उस्तादांनी ऐकलं होतं. घर राहिलं, म्हणून ऊर भरून यायला हवा होता, पण आला नाही. सगळं बरोबर घातलं होतं. म्हणजे हातच गेला. दुसरं काय?

"वाईट नका वाटून घेऊ, बाबा," ती खाली मान घालून म्हणाली. "माफ करा."

"तू कशाला माफी मागतेस गं?"

ती भाजी चिरायला आत गेली.

रिकामे डबे टाकायला त्यांनी उचलले. मोठा, मग छोटा. जुनी खोड, उघड्या बोटाने त्यांनी छोट्या डब्याचा तळ पुसून काढला आणि अंगठ्यावर चोळून पाहिला. चिकटलं नाही. सुळकन घसरलं.

त्यांनी पुन्हा चोळलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आतून हाक आली, "बाबा, पान वाढलंय!"

"झाक जरा," उस्ताद पायांत चपला सरकवत म्हणाले. "तेल घेऊन येतो. आपलं सगळं फरशीने खाल्लं."