तिसऱ्या वर्षाची धूळ

तारा जागेवर नव्हता.

सुनीलनं डोळा दुर्बिणीवरून काढला, चोळला, परत लावला. बाजूचे दोन होते. तीन वर्षं ज्या दोघांशी ताडून तो याचा उजेड ठरवायचा, ते दोघं जिथल्या तिथं. त्यांच्या खाली, जिथं हा असायचा, तिथं नुसतं काळं. दुर्बिणीचा आरसा त्यानं परवाच पुसला होता. दसरा होऊन गेलेला, आभाळ धुतल्यासारखं. त्यात लोडशेडिंग. अख्खं डिंगोरे गाव अंधारात.

"पडला," तो पुटपुटला. मग ओरडलाच, "दादा, पडला! लई पडला!"

खळ्याच्या कडेला बाजेवर त्याचा बाप बसला होता. सावळेराम. दिवस मावळला की सावळेरामला काही दिसत नसे. वीस-बावीस वर्षं झाली. गाव म्हणायचं, फवारणीचं औषध डोळ्यात गेलं. सावळेराम काहीच म्हणायचा नाही.

"कोन पडलं रं?"

"तारा, दादा. माझा तारा. पार विझल्यागत झालाय."

हा तारा तीन वर्षांपूर्वी गरुड तारकासमूहात भडकला होता. म्हातारा, विझत आलेला तारा. जोडीदार ताऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून ओढून स्वतःवर रचत राहतो, आणि एक दिवस ती सगळी रास एकदम पेट घेते. थोडे दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसला. मग उतरत गेला, आणि लोक त्याला विसरले. सुनील विसरला नाही. बारावी नापास, ओतूरला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानात कामाला. दुर्बिणीचा आरसा त्यानं स्वतः घासला होता, नळी ठिबकवाल्याकडच्या पाइपाची. पोरं विचारायची, "काय राव, चांदण्यांना पाणी सोडतो का ह्या पाइपानं?" तो "सोडा राव" म्हणायचा आणि बघत बसायचा. भडकलेला तारा मरत नाही, हे त्यानं पुस्तकं मागून आणून वाचलं होतं. वर्षानुवर्षं सावकाश खाली येतो, आपल्या जुन्या उजेडावर टेकतो, आणि गुपचूप परत जोडीदाराला ओढायला लागतो. त्यात बघण्यासारखं काही घडत नाही. म्हणूनच कुणी बघत नाही.

आणि आज घडलं होतं.

तो फोन करायला एसटीडी बूथकडे पळाला. अंगणातच बादलीला धडकला. भाकरी थापता थापता मोहिनी, त्याची बायको, आतून ओरडली, "वरचं बघा, पण खालचं बी बघा की! परवा धडधडीत बैलगाडीवर गाडी घातली, आज बादली!"

"गाडीचा लाईट गेलाय म्हणून सांगितलं ना," म्हणत तो गेलासुद्धा.

बूथवर मेणबत्ती लावलेली. पुण्याच्या खगोल मंडळातले गोगटे सर फोनवर आले. सुनीलनं एका दमात सगळं सांगितलं.

"धूळ असेल," ते म्हणाले. "बाहेर फेकलेला वायू थंड होतो, त्याची काजळी धरते, तारा झाकला जातो. पण ते पहिल्या काही महिन्यांत. तिसऱ्या वर्षी? सुनील, हे खरं असेल तर मोठी गोष्ट आहे. तुझ्या नावानं बाहेरच्या देशात कळवावी लागेल. इथं पुण्याच्या उजेडात तो आम्हाला दिसायचा नाही. तूच एक आहेस बघणारा."

"कळवा ना, सर."

"कळवतो. आधी एक काम कर. दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी खात्री करून घे. नियमच आहे तसा."

परत येताना सुनीलला पाय जमिनीला लागतायत की नाही ते कळत नव्हतं. तुझ्या नावानं. त्याला पाइपवाल्या पोरांची तोंडं दिसायला लागली.

"मोहिनी, ये गं जरा. नुसतं एक डोळा लावून जा."

"अवो, हाताला पीठ हाय माझ्या."

"हात नकोय. डोळा."

ती आली. हात मागं धरून वाकली.

"दोन हायेत," ती म्हणाली.

"शाब्बास! आणि त्यांच्या खाली? खाली काही नाही ना?"

"हाय की. एक बारकं."

"नीट बघ."

"नीटच बघतीय. एक बारकं हाय, लुकलुकतंय. आन् त्याच्या मागं तर नुसता भुगा. परातीबाहेर पीठ सांडावं तसा. अवो, केवढाल्या ह्या चांदण्या! तुमी कधी बोलला न्हाई ते."

सुनीलनं तिला बाजूला केलं. डोळा लावला. उजवा लावला, मग डावा. दोन तारे. बाकी काळं. भुगा होता खरा, पहिल्या वर्षी त्यानंच पाहिला होता. तो कधी गेला? त्याला आठवेना. तो तर एकाच ताऱ्यावर डोळा ठेवून बसला होता. आजूबाजूचं कधी निघून गेलं, त्याला पत्ताच नव्हता.

"सापडला ना?" मोहिनी म्हणाली. "मग तोंड का असं? पडला न्हाई, बरंच झालं की."

ती चुलीकडे गेली. सुनील नळीला धरून तसाच उभा राहिला.

बाज करकरली. सावळेराम पाय घासत, चाचपत खळं ओलांडून आला. त्याचा हात आधी नळीला लागला, मग पोराच्या खांद्याला.

"औषध-बिवषध काय नव्हतं उडालं, सुन्या," तो हळू म्हणाला. "तुझ्याच वयाला. माझ्या बी आधी बारक्या चांदण्याच गेल्या व्हत्या."