हलकं छप्पर

मिक्सर फिरायला लागला, तशी सुनकेशरी पायाच्या खड्ड्यात उतरली आणि तिथेच मांडी घालून बसली.

"दिदी, उठा हो. माल घट्ट होईल," ठेकेदार वरून ओरडला.

"होऊ दे."

चौकात सगळा टोल, म्हणजे आजूबाजूची सगळी वस्ती, जमला होता. जिथे वाटसरूंनी टेकायचं, म्हाताऱ्यांनी ऊन खायचं, सणावारी भजन म्हणायचं, तो चार लाकडी खांबांवरचा उघडा मंडप, फल्चा, भूकंपात कोसळला होता. सहा वर्षांनी तो पुन्हा उभा राहणार होता, सिमेंटचा. भिंतीला टेकवून नावाचा संगमरवरी दगडही आणून ठेवला होता: 'पूर्णमान डंगोल यांच्या स्मरणार्थ'. पूर्णमान सुनकेशरीचा नवरा. त्या दुपारी दोन म्हाताऱ्यांना बाहेर ढकलून तो स्वतः आत राहिला होता.

जुने खांब तिच्या अंगणात होते. ढिगाऱ्यातून तिनेच ते ओढून काढले, पुन्हा जोडता यावं म्हणून एकेका तुळईवर, टेकूवर आकडे घातले, दर हिवाळ्यात त्यांना मोहरीचं तेल चोळलं. तीन खांब शाबूत होते, चौथा तेवढा नवा कोरावा लागणार होता. गुठीच्या, म्हणजे फल्च्याचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, प्रत्येक बैठकीत ती हे सांगायची आणि सगळे मान हलवून चहा प्यायचे.

हर्षलाल पुढे आला. त्याची आई त्याच फल्च्यात गेली होती.

"वहिनी, ज्या लाकडानं माझ्या आईचा घास घेतला, तेच पुन्हा डोक्यावर घ्यायचं? माझं राहू दे, तुमच्या माणसाचं तरी काही वाटू द्या!"

"लाकडानं नाही घेतला, हर्षलाल."

"मग कशानं?"

खड्ड्याच्या काठाशी तिचे सासरे अष्टमान काठीवर भार टाकून उभे होते. गुठीतले सर्वांत वडील. त्यांच्यासमोर पूर्णमानचं नाव लोक हलक्या आवाजात, हात जोडून घेत. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"इतकी वर्षं त्या खांबांवर कौलं होती," ती म्हणाली. "आधीचा भूकंपही त्यांनी झेलला. मग कौलं उतरवून वर सिमेंटचा स्लॅब टाकला. या वेळीही खांब हलून तगले असते, पण ते ओझं त्यांना पेललं नाही. आणि तो स्लॅब टाकला माझ्याच माणसानं."

टोलात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडाने कुणी म्हटलं नव्हतं, इतकंच.

"ह्यांनी दोघांना वाचवलं, ते खरंच आहे," ती म्हणाली. "हेही खरं आहे."

अष्टमान हळूहळू खाली बसले. पाय खड्ड्यात सोडले.

"पावसाळ्याआधी कौलं चाळायचं काम आमच्या घराकडे," ते म्हणाले. "माझे गुडघे गेले. मीच त्याला म्हटलं, टाक बाबा एकदाचा स्लॅब, दर वर्षाची कटकट मिटेल. तो नको म्हणत होता."

सुनकेशरी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"हे मला कधी सांगितलं नाहीत, बा."

"तू तरी कुठे बोललीस?"

मिक्सर घरघरत होता. ठेकेदार अवघडून म्हणाला, "बा, मालाचं काय करू?"

"पलीकडच्या गल्लीत रस्ता उखडलाय. तिथे ओत."

त्यांनी सुनेला वर घ्यायला हात पुढे केला, पण त्यांना स्वतःलाच उठता येईना. मग चपला काढून हर्षलाल खड्ड्यात उतरला. "चौथा खांब कोण कोरणार, वहिनी?" त्याने विचारलं.