पानं संपली

"पानं संपली, वहिनी," दुकानदार लाव म्हणाला.

किमहुईने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. फळीवर बांबूच्या पानांचे गठ्ठे छताला टेकले होते.

"मग ते काय तुझ्या सासूने वाळत घातलंय?"

"ती... दुसऱ्याची आहेत. सांगून ठेवलेली."

लाव वजनात मारायचा, पण थाप मारताना कधी अडखळत नसे. आज त्याने मान वर केली नाही.

किमहुई तणतणत बाहेर पडली. परवा पाचव्या महिन्याचा सण. पॅरिसच्या या चिनी पेठेत घरोघरी एकच लगबग होती. चिकट तांदूळ आणि डुकराचं मटण पानात गुंडाळायचं, दोऱ्याने आवळून चांग बांधायचे आणि तासन्‌तास उकडायचे. तिला तर ते उद्याच हवे होते. हृदयाचं ऑपरेशन झालेला तिचा नवरा सेंग उद्या दवाखान्यातून घरी यायचा होता. "इथलं बेचव सूप पुरे झालं," काल तो म्हणाला होता. "तू चांग कर, मग बघ, धावत येतो." पानं आज भिजत पडली तरच जमणार होतं.

पलीकडच्या दुकानात मालकीण म्हणाली, "यंदा पानांना कीड लागलीय गं. नेऊ नकोस." तेवढ्यात एक फ्रेंच बाई दोन गठ्ठे काखेत मारून बाहेर पडली.

"तिला कीड चालते वाटतं?"

मालकीण नीट रचलेली संत्री पुन्हा रचत बसली. त्यापुढच्या दुकानात किमहुई शिरली तशी आतली कुजबुजच थांबली, आणि पानं काय, चिकट तांदूळही संपलेला निघाला.

आता तिला भीती वाटायला लागली. आपल्याला वाळीत टाकलंय की काय? मंडळाच्या बैठकीत सेंगने अध्यक्षाला तोंडावर लबाड म्हटलं होतं, त्याचा सूड म्हणावा, तर आजारी माणसावर? आयुष्य काढलं या लोकांत. तिला रडू फुटायला आलं. ल्याँला राहणाऱ्या मुलाला, लुसियँला, फोन करून सगळं सांगावं म्हणून तिने पिशवी चाचपली. फोन घरीच राहिला होता.

रागारागाने ती खीवच्या खानावळीत शिरली. खीव बदक तोडत होता. त्याचा सुरा अर्ध्यावरच थांबला. जेवणाऱ्यांनी वाडग्यांत तोंडं खुपसली.

"खीव, तुझ्याकडची थोडी पानं दे. आणि नाही म्हणायचं असेल तर तोंडावर सांग, आमचं काय चुकलं?"

"बस ना वहिनी. गरम सूप देतो."

"सूप घाल चुलीत! मला पानं हवीत. माझा म्हातारा उद्या घरी येतोय!"

खीवची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात टोपली होती आणि टोपलीत वाफाळते चांग. तिने ती दोन्ही हातांनी किमहुईपुढे धरली.

"घे, पोरी. यंदा तू बांधायचे नाहीत."

"आई!" खीव ओरडला.

किमहुईने सवयीने टोपली घेतली.  ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात त्या वर्षी चांग बांधत नाहीत. शेजारी बांधून आणून देतात. लावचे वडील गेले तेव्हा तिनेच त्याच्या दारात अशी टोपली नेली होती.



"लुसियँ निघालाय," खीव खाली बघत म्हणाला. "दवाखान्यातून कळल्यावर त्यानेच सगळ्यांना फोन केले. मी पोचेपर्यंत आईला सांगू नका म्हणाला."

किमहुईने टोपली छातीशी धरली.

"माझा म्हातारा उपाशीच गेला का रे?"